काळ्यावर पांढरं: संक्रांतीची कार्डं घरी करताना

शुभेच्छापत्रं घरी करायचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरलं की आधी बर्फ दिसतो. स्नोमॅन, रेनडिअर, लाल टोपी, हॉलीची पानं. त्यानंतर वाढदिवसाचे केक, आणि मग 'थँक यू' वेगवेगळ्या वळणांत. यात दुकानदाराचा काही दोष नाही. छापून विकलेलं पहिलं नाताळकार्ड १८४३ सालचं, लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलेलं. ज्यांच्याकडे ही रीत इतकी जुनी, त्यांच्या सणांचे ठसे आधी निघणारच. पण मला हवी होती संक्रांतीची कार्डं, आणि 'तिळगूळ घ्या' म्हणणारा ठसा माझ्या आसपासच्या एकाही दुकानात नव्हता.

संक्रांतच का, तर लहानपणी आमच्याकडे पोस्टाने येणाऱ्या छोट्या कार्डांमुळे. एखादं बटबटीत फूल, खाली 'तिळगूळ घ्या गोड बोला', आणि सोबत हलव्याच्या चार दाण्यांची पुडी. पाकिटाची झडप न चिकटवता आत खोचलेली असायची, कारण तसं ते बुकपोस्टने स्वस्तात जायचं. हे झालं भावनेचं कारण. खरं कारण कारागिरीचं आहे. ठशांच्या या उद्योगात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे काळ्या कागदावर पांढऱ्या एम्बॉसिंग पावडरने, म्हणजे तापवली की वितळून फुगीर होणाऱ्या पावडरने, उठवलेली नक्षी. आणि काळ्यावर पांढरं म्हणजे चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे दागिने! इतर कोणत्याही सणाला आपण काळा कागद पुढे केला तर घरातली मोठी माणसं डोळे वटारतील. संक्रांतीला तोच शोभतो.

कागदापासूनच सुरुवात झाली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काळा कार्डपेपर हवा तेवढा मिळतो, पण त्यात दोन जाती असतात. एकाचा फक्त वरचा पापुद्रा काळा, पोटात पांढरा. दुसरा आरपार काळा. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. कोपरा जरा फाडून पाहू का, असं विचारावं लागतं, आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे त्या वेळी पाहू नये. पण विचारायचंच, कारण पोट पांढरं असेल तर घडीवर पांढरी भेग दिसते आणि डायने, म्हणजे आकार कापायच्या धारदार साच्याने, कापलेल्या प्रत्येक आकाराला पांढरी किनार येते. मी आरपार काळा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घेतला.

गिरणीच्या कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की जिकडून कमी विरोध करतो ती धाग्याची दिशा. घडी धाग्याच्या दिशेने घातली तर सुबक बसते, आडवी घातली तर तडकते. घडीच्या जागी आधी पन्हळ पाडायची. त्यासाठी हाडाची पट्टी मिळते, पण शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी यांनीही काम होतं. पन्हळीचा उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे, हे मात्र बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

हातकागदाचाही मोह झाला होता. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून कापडाच्या चिंध्यांपासून कागद करते आहे आणि तिथले रंग पाहून कुणाचंही मन फिरेल. हातकागदात तंतू साच्यात सगळीकडे विखुरतात, त्यामुळे धाग्याच्या दिशेची फारशी कटकट नसते. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत. बारीक अक्षराचा ठसा त्यावर तुटक उमटतो आणि पातळ शाई तंतूंमधून पसरत जाते. तो कागद मी पाकिटांच्या आतल्या अस्तरासाठी ठेवला. तिथे तो फार देखणा दिसतो.

मापाचाही एक घोळ आहे. परदेशी चौकटींच्या डाय अमेरिकी कार्डासाठी केलेल्या असतात. त्यांचा नेहमीचा कागद साडेआठ बाय अकरा इंच, त्याच्या चतकोराचं त्यांचं कार्ड, म्हणजे साधारण १०८ बाय १४० मिलिमीटर. आपला ए-४ दुमडून निघणारं ए-६ कार्ड १०५ बाय १४८. अमेरिकी कार्ड आपल्यापेक्षा तीन मिलिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर आखूड. त्यांच्या मापाची मोठी चौकट आपल्या कार्डाला बाजूंनी चिकटून बसते आणि वरखाली उगाच मोकळी राहते. त्यांच्याच मापाचं कार्ड करू म्हटलं, तर एका ए-४मधून एकच निघतं, आपली दोन निघतात. मी चौकटींचा नाद सोडला आणि किनार मोकळीच ठेवली.

आता ठसा. ज्यांना हौसेच्या दुकानात देवनागरी ठसा मिळत नाही त्यांना मी सांगेन, ऑफिसचे शिक्के करणाऱ्याकडे जा. 'सचिव', 'खजिनदार', 'मूळ प्रतीवरून पडताळले' असले शिक्के करणारी माणसं गावोगावी आहेत, आणि त्यांची पॉलिमरची पद्धत म्हणजे परदेशी पारदर्शक ठशांचीच पद्धत. मी ज्या काकांकडे गेले त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं, ही त्यांची कृपा.

आधी मजकूर संगणकावर जुळवायचा. मी हौसेने 'मोदक' हा फाँट घेऊन गेले होते. मुंबईच्या 'एक टाइप'च्या मंडळींचा हा अतिशय गुबगुबीत फाँट, आणि संक्रांतीला गुबगुबीत अक्षर शोभेल असं वाटलेलं. त्यात अक्षरांच्या पोटातली पोकळी बारीक चिरेइतकी उरते. काकांनी पडद्याकडे एक नजर टाकली. "ताई, हे सगळं शाईने भरून जाईल. 'ळ'चा लाडू होईल." मग आम्ही 'एक टाइप'चाच 'मुक्त' हा फाँट घेतला, मध्यम जाडीचा. काकांनी अनुस्वारही मोठा करायला लावला. "एवढासा ठेवलात तर धुताना निघून जाईल." हे मला तेव्हा कळलं नाही, पाच मिनिटांत कळलं.

मजकुराची फिल्मवर निगेटिव्ह निघते: अक्षरं पारदर्शक, बाकी काळंकुट्ट. काचेवर निगेटिव्ह, तिच्यावर पातळ पारदर्शक पापुद्रा, चारी बाजूंनी फोमच्या पट्टीचा बांध, आणि त्या हौदात दाट, किंचित पिवळसर द्रव राळ ओतायची. फुगे टाचणीने एकेक करून फोडायचे. काका हे काम करताना बोलत नाहीत. वरून दुसरा पापुद्रा, दुसरी काच, कडेला चिमटे. मग ही जोडी अतिनील दिव्यांच्या पेटीत जाते. आधी मागच्या बाजूने थोडा वेळ, म्हणजे ठशाचं बूड घट्ट होतं. नंतर निगेटिव्हच्या बाजूने. अक्षरांतून प्रकाश आत शिरतो तिथली राळ घट्ट होते, काळ्याखालची पातळच राहते. बाहेर काढून मऊ ब्रशने, पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून धुतलं, की पातळ राळ वाहून जाते आणि अक्षरं उभी राहतात. या धुण्यातच बारीक एकटे ठिपके सुटून जातात, कारण त्यांना धरून ठेवणारं बूड इवलंसं असतं. शेवटी ठसा पुन्हा दिव्याखाली ठेवतात, त्याचा चिकटपणा जावा म्हणून.

ठसा हातात आल्यावर काकांनी सवयीने दांडा उचलला.

"दांडा नको, काका. नुसताच द्या."

"नुसता? मग धरणार कुठे?"

अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर तो आपोआप चिकटतो आणि आरपार दिसतो, हे दाखवलं तेव्हा त्यांनी तो ठोकळा दोन-तीनदा उलटा-सुलटा करून पाहिला. पैसे मात्र दांड्यासकट घेतले.

नवा पॉलिमर शाई नीट धरत नाही. शाईचे थेंब थेंब होतात. त्यावर खोडरबर हलक्या हाताने फिरवलं की वरची गुळगुळीत झिलई जाते आणि शाई सारखी पसरते. कागदाखाली पातळ मऊ गादी ठेवावी, जुना माउसपॅडही चालतो. या दोन गोष्टींनी निम्मे ठसे सुधारतात.

देवनागरीत एक जास्तीची अडचण आहे, ती शिरोरेषा. इंग्रजी ठसा अंशभर तिरका पडला तर खपून जातो, अक्षरं सुटी असतात. शिरोरेषा म्हणजे कार्डाच्या कडेला समांतर असायला हवी अशी सरळ रेघ. ती जरा कलली की शेजारच्या खोलीतूनही दिसते. शिवाय दाब एका बाजूला कमी पडला तर आधी तीच फिकट होते. म्हणून बिजागरीच्या झाकणाची ठसेपाटी वापरते. कागद लोहचुंबकाने धरून ठेवायचा, ठसा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, झाकण मिटवायचं. फिका उमटला तर पुन्हा शाई लावून नेमका त्याच जागी दुसऱ्यांदा उमटवता येतो. ज्यांना फक्त मराठी मजकुराचीच कार्डं करायची आहेत त्यांनी बाकी काही घेतलं नाही तरी ही पाटी घ्यावी, असं माझं मत झालं आहे.

एम्बॉसिंगचं काम जानेवारीत पुण्यात करायचं म्हणजे हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते. पांढरी पावडर अक्षरावर बसते तशी काळ्या कागदावर इतरत्रही भुरभुरते, आणि काळ्यावर एकेक कण चुगली करतो. त्यावर उपाय म्हणजे कॉर्नफ्लोअरची मलमलच्या कापडातली पुरचुंडी. ती आधी कागदावरून थापटत न्यायची. मग रंगहीन, चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा मारायचा. पावडर सढळ हाताने ओतायची, उरलेली दुमडलेल्या कागदावर झटकून परत डबीत. कोरड्या बारीक कुंचल्याने चुकार कण झाडायचे. 'ळ'च्या वेटोळ्यात अडकलेला कण काढायला मी सुईचं टोक वापरते.

मग हीट गन. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. तो पावडर उडवतो आणि वितळवत मात्र नाही. गन आधी हवेत धरून तापू द्यायची आणि मग कागदाच्या खालून फिरवायची. पहिले काही क्षण काहीच होत नाही. अक्षर पिठूळ, मंद पांढरं. मग 'ति'च्या वेलांटीच्या टोकाला एक ओलसर चमक येते आणि ती शिरोरेषेवरून पुढे सरकत जाते, मागे गुळगुळीत, फुगीर, चकचकीत पांढरं सोडत. चमक जिथे पोचली तिथून गन लगेच पुढे न्यायची. रेंगाळलं तर पावडर कागदात मुरते, अक्षर चपटं होतं आणि कडेला तेलकट डाग पडतो. मला हे कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही.

हलव्यासाठी स्टेन्सिल. गोल ठिपक्यांचं स्टेन्सिल टेपने पक्कं करून त्यावरून पांढरी टेक्स्चर पेस्ट पॅलेट नाइफने ओढायची. शिकवणारे सगळे सांगतात, पृष्ठभाग सपाट करा. मी मुद्दाम करत नाही. पेस्ट ओढून झाली की नाइफची पात हलकेच टेकवून उचलायची. प्रत्येक ठिपक्यावर इवली टोकं उभी राहतात, आणि हलव्याला काटा आल्याचा भास होतो. खरा काटा यायला मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत दिवसचे दिवस बसावं लागतं, तेव्हा ही चोरी माफ असावी. स्टेन्सिल सरळ वर उचलायचं, बाजूला ओढायचं नाही, आणि लगेच पाण्यात टाकायचं. पेस्ट वाळली की ते स्टेन्सिल गेलं. कार्ड मात्र रात्रभर तसंच ठेवायचं, बोट लावायचं नाही. घरात लहान मूल असेल तर कपाटावर.

ठिपक्यांच्या रांगा मी दागिन्यांसारख्या मांडल्या: वर तीनपदरी हार, एका कार्डावर मुकुट आणि बाजूबंद. ते मुकुटवालं बोरन्हाणाच्या आमंत्रणासाठी होतं.

डाय-कटिंगची गंमत वेगळीच. माझं यंत्र हाताने फिरवायचं आहे. खाली पाटी, त्यावर पारदर्शक प्लेट, कागद, त्यावर डाय धारेची बाजू कागदाकडे करून, वर दुसरी प्लेट. हा थर रुळांमधून काढायचा. कडकड असा आवाज होतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र मोडलं. प्लेट एकाच बाजूने वापरत राहिलं तर वाकते, म्हणून दर वेळी उलटायची. नाजूक डायमध्ये कागद अडकून बसतो. मध्ये बटर पेपरचा तुकडा घातला की सुटतो.

पतंगासाठी वेगळी डाय लागलीच नाही. परदेशी पतंग लांबुळका, शेपटीला बो बांधलेला, आपला जवळजवळ चौकोनीच. चौकोनाची डाय तिरकी धरली, मागे छोटा त्रिकोण लावला, पांढऱ्या जेल पेनने कामट्या काढल्या की झाला. येवल्याला राहणाऱ्या भाच्याने मात्र फोटो पाहून विचारलं, "आत्या, आसारी कुठंय?" येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग चालतो, त्यांना आसारीशिवाय, म्हणजे मांजाच्या फिरकीशिवाय, पतंग म्हणजे अपुरं चित्र. त्याच्या कार्डावर ती काढून दिली.

शब्द कापायचे तर संगणकाला जोडायचं कटर लागतं. ते एका मैत्रिणीकडे आहे. तिच्याकडे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत डायने शब्द कापायचा तर अक्षरं एकमेकांना जोडलेलं तिरपं वळण घ्यावं लागतं, नाहीतर एकेक अक्षर सुटं होऊन हातात येतं. आपली शिरोरेषा ते काम फुकट करते. 'तिळगूळ' कापला की अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो, 'ग'चा सुटा कानासुद्धा रेषेला लटकलेला राहतो. ठसा मारताना जिने छळलं तीच इथे कामाला आली.  पण 'संक्रांत' कापला आणि दोन अनुस्वार टेबलाखाली गेले. हवेत लोंबणाऱ्या ठिपक्याला धरणारं काहीच नसतं. मैत्रीण म्हणाली, पंचने दोन टिकल्या पाड आणि चिकटव. मी त्या दोन जागी टेक्स्चर पेस्टचे थेंब ठेवले, काट्यासकट. 'संक्रांत'च्या दोन अनुस्वारांच्या जागी दोन हलव्याचे दाणे. सगळ्या कार्डांत मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच, आणि ती अडचणीतून निघाली म्हणून जास्त.

शायांबद्दल थोडक्यात. डाय शाई (ही डाय म्हणजे विरघळलेला रंग, कापायची डाय नव्हे) कागदात मुरते आणि चटकन वाळते; पिगमेंट शाई वर बसते, सावकाश वाळते आणि गडद दिसते. काळ्या कागदावर डाय शाई दिसतच नाही, त्यामुळे तिचा उपयोग आतल्या पांढऱ्या कागदापुरता. तिथे मी गुळाचा रंग केला: तपकिरी शाई मऊ कुंचल्याने कडेपासून आत गोल गोल फिरवत, कुंचला आधी कागदाबाहेर टेकवून, म्हणजे डाग पडत नाही. त्यावर तिळाचे ठसे. तिळाचा ठसा खोडरबर कोरून केला. थेंबाचा आकार, त्याला विकत काय घ्यायचं! शाळेत भेंडीचे ठसे मारलेल्या पिढीला एवढं जमतं.

काळ्या कार्डाच्या आत लिहायला पांढरा कागद चिकटवावाच लागतो. फेव्हिकॉल जास्त झाला की तो कागद सुरकुततो. बारीक तोंडाच्या बाटलीतून कडेने रेघ आणि मध्ये दोन ठिपके पुरतात. शब्दाचे कट-आउट फोम टेपवर उचलून लावले, म्हणजे खाली सावली पडते.

आणि मग पोस्ट. टपालाला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये. ३०० जीएसएमचा ए-५ तुकडा, म्हणजे घडी घालण्याआधीचं कार्ड, नऊ ग्रॅमच्या थोडं वर. फोमवर उचललेला पुढचा थर साडेचार, आतला पांढरा कागद दोनच्या आत, पाकीट चार-साडेचार. पेस्ट आणि फोम धरता काटा विशीच्या उंबरठ्यावर येऊन उभा. मी पुढचा थर कमी करून ठिपके थेट कार्डावरच काढले. जाडी हाही प्रश्न आहेच: शिक्का मारणाऱ्या यंत्रातून उंचवट्याची पाकिटं गेली की हलवा सपाट होतो. खिडकीवर हाताने शिक्का मारायची विनंती करता येते, ऐकली गेली तर ठीक.

सगळी कार्डं भोगीच्या आत टाकायचा बेत होता, तो अर्थातच पार पडला नाही. पण संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि तिळगूळही. एवढी सवलत नाताळवाल्यांना नाही. उरलेली हातोहात वाटली.

डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला. कार्ड आवडलं, ते बाजूला. "अगं, तो संक्रांतीवरचा हलवा निघता निघेना. नखाने काढला तर चव खडूसारखी!" ऐंशी वर्षांच्या बाईला आता काय सांगणार की तो अनुस्वार होता. पुढच्या वर्षी तिच्या पाकिटात खऱ्या हलव्याची पुडी घालणार आहे. वजन विशीच्या वर जाईल, दहाचं तिकीट लावायचं.